फेडलं आणि मिटवलं

१

ताईंच्या क्रेडिट स्कोअरचा मृत्यू भर दुपारी, मुलं झोपलेली असताना उघडकीला आला, त्यामुळे कुणालाच मोठ्याने रडता आलं नाही.

मी मुंगीला न्यायला जरा लवकर गेले होते. मुंगी म्हणजे माझी मुलगी. तिचं खरं नाव मोठं आणि छान आहे, पण जमिनीवरचे कण ती ज्या चिकाटीने वेचून तोंडात घालते ते पाहून पाळणाघरात तिला हेच नाव पडलं. त्या वेळी पाळणाघर झोपलेलं असतं. बाहेरच्या खोलीचे पडदे ओढलेले. फरशी पुसून वाळावी म्हणून बुटक्या खुर्च्या उलट्या करून टेबलांवर चढवलेल्या. खेळणी पेटीत, पेटी कपाटात. आणि मधल्या जाड पडद्यामागे, आतल्या खोलीत, मुलं गाद्यांवर ओळीने आडवी, एकाचा पाय दुसऱ्याच्या पोटावर. ताई दार उघडतात ते ओठांवर बोट ठेवूनच. एकदा शिंकला म्हणून त्यांनी एका डॉक्टर बापाला बाहेर काढलं होतं.

त्या दिवशी बोट ओठांवर होतं, पण डोळे भरलेले होते. त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला.

जागेसाठी मागितलेलं कर्ज बँकेने नाकारलं होतं. कारण एका ओळीत दिलं होतं, स्कोअर अपुरा, आणि खाली आकडा होता. उन्हाळ्यात तो सातशेच्या वर होता, चांगला गुबगुबीत. आता पाचशेच्या आसपास येऊन पडला होता.

नकार म्हणजे काय ते मला समजावून सांगायची गरज नव्हती. मालकांनी ही जागा विकायला काढली होती. महिनाअखेरपर्यंत पैसे उभे राहिले तर जागा ताईंची, नाही तर दुसऱ्या गिऱ्हाइकाची. मग पाळणाघर बंद, आणि आम्हा सगळ्या आयांच्या नोकऱ्या घरी बसणार.

"पण तुम्ही तर आधीचं कर्ज मुदतीआधीच फेडलंत," मी कुजबुजले. "बांगड्या मोडून."

"म्हणूनच पडला," ताई कुजबुजल्या. "लवकर फेडलं की स्कोअर पडतो म्हणे. भाऊजी म्हणाले. ज्या कंपनीचं कर्ज होतं तिथले साहेबही तेच म्हणतात. मालकही तेच म्हणाले. मला कुठे ठाऊक, गं. मला वाटलं, देणं लवकर दिलं तर चांगलं म्हणतील."

आतून कुणीतरी झोपेत 'गाई' म्हणालं. ताईंनी डोळे पुसले आणि पडद्यामागे गेल्या.

मी जिन्यात उभं राहून आत्याला फोन लावला. तिने सगळं ऐकून घेतलं. तिच्या बाजूने फक्त भांडी विसळल्याचा आवाज येत होता.

"लवकर फेडलं म्हणून स्कोअर एवढा आपटला, असं सांगणारा माणूस एक तर गाढव असतो, नाही तर चोर," ती शेवटी म्हणाली. "किती जण सांगतायत?"

"तिघं."

"मग दोन गाढवं आणि एक चोर धरून चालू. कोण कोण ते बघायला मी उद्या येते."

२

आत्याने सगळी नोकरी विमा कंपनीत काढली. जळालेल्या दुकानांत जाऊन न जळालेला माल शोधणं हे तिचं काम. त्या नोकरीने तिला चांगली पेन्शन दिली आणि मनुष्यजातीबद्दल एक कायमचं मत दिलं. ते मत ती चेहऱ्यावर घेऊनच वावरते. मुलांच्या बाबतीत मात्र तिचं काही चालत नाही. मुंगीने तिच्या चष्म्याची काडी चावून वाकडी केली, तरी ती तोच चष्मा घालते.

ती दुपारी आली. ओठांवरचं बोट पाहून तिने मान डोलावली. तशी शिस्त तिला आवडते. तिघी स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभ्या राहिलो.

"आधी एक गोष्ट डोक्यातून काढ," आत्या ताईंना म्हणाली. "कर्ज लवकर फेडलं की स्कोअर जरासा हलतो, हे खरं. चालू खातं एक कमी झालं, नियमित हप्ता भरणारी बाई आता भरताना दिसत नाही, म्हणून यंत्र जरा बावचळतं. तुझी मुलं नव्या गादीवर दोन दिवस कुरकुरतात ना, तेवढंच. मग येतो जागेवर. पण हा आकडा कुरकुरलेला नाही. ह्याला कुणीतरी जिन्यावरून ढकललंय."

"कोण ढकलेल, आत्या?"

"तेच बघायचंय. तुझा सविस्तर अहवाल मागवायला आजच अर्ज टाक. तो येईल तेव्हा येईल, तोवर आपण माणसं वाचू. कर्ज कसं घेतलं होतंस?"

ताईंनी सांगितलं. गाद्या, कुंपण, घसरगुंडी आणि मागची न्हाणी यांसाठी एका फायनान्स कंपनीकडून कर्ज घेतलं. पाळणाघराला कंपनी धंदा मानेना, म्हणून भाऊजी, म्हणजे त्यांचे दीर, सहकर्जदार झाले. मिस्टर गेल्यापासून पैशाअडक्याचं सगळं दीरच बघत. हप्ता त्यांच्या खात्यातून कापला जाई आणि ताई त्यांना दर महिन्याला पैसे पाठवत. पुढे बांगड्या मोडल्या, साठवलेलं काढलं आणि उरलेलं सगळं कर्ज एकदम फेडायला दीरांच्याच हाती दिलं.

"तू स्वतः का नाही गेलीस कंपनीत?"

ताईंनी पडद्याकडे पाहिलं. "ह्यांना कुणाकडे ठेवून?"

"बरोबर," आत्या म्हणाली. ती सहसा कुणाला बरोबर म्हणत नाही. "आणि मुदतीआधी फेडल्याचं शुल्क किती लागलं?"

"काहीच नाही. भाऊजी म्हणाले, साहेबांनी सोडलं."

आत्याने चष्मा काढून पदराने पुसला. वाकडी काडी पुन्हा कानामागे बसवायला तिला नेहमी वेळ लागतो. या वेळी जरा जास्तच लागला.

"फायनान्स कंपनीने शुल्क सोडलं," ती हळूच म्हणाली. "असं आपण कुणाला सांगितलं तर आपल्याला वेड्यात काढतील."

३

मालकांचं नळ आणि बेसिनांचं दुकान आहे. दुकानात शिरलं की चारही बाजूंनी कोरडे नळ तुमच्याकडे तोंड करून उभे असतात. मालकांचं संभाषणही तसंच असतं.

"बसा," ते म्हणाले. बसायला एक कमोड होता, विक्रीचा, कागदात गुंडाळलेला. आत्या उभीच राहिली.

"बाईंचं वाईट वाटतं हो," मालक म्हणाले. वाईट वाटताना ते एका गिऱ्हाइकाला वॉशर मोजून देत होते. "पण व्यवहार म्हणजे व्यवहार. कर्ज लवकर फेडायची काही गरज होती का? बँक व्याजावर जगते. तुम्ही व्याज बुडवलंत की बँक तुमच्यावर डूख धरणारच."

"बँकेला डूख धरता येतो, हे मला नवीन आहे," आत्या म्हणाली. "तुम्हाला हे कुणी शिकवलं?"

"अनुभव आहे आपल्याला."

"कुठल्या कर्जाचा?"

मालकांनी आयुष्यात एकही कर्ज घेतलं नव्हतं. ते त्यांनी मोठ्या अभिमानाने सांगितलं, आणि सांगून झाल्यावर मग आपण काय बोललो याकडे त्यांचं लक्ष गेलं. तेव्हा त्यांनी वॉशर पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतले.

"दुसरं गिऱ्हाईक आहे म्हणे तुमच्याकडे."

"आहे. जास्त देतंय. बाईंचं नामंजूर होणार हे कळल्याबरोबर आलं. मी म्हटलं, थांबा जरा, महिनाअखेरपर्यंत मी शब्द दिलाय. माणुसकी असते आपल्यात."

"कोण आहे गिऱ्हाईक?"

"मी अजून पाहिलं नाही. मध्ये माणूस आहे."

"कोण माणूस?"

"मावशी, तुम्हाला नळ घ्यायचाय का?"

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "चोर हाच. जागा जास्त पैशांत जावी म्हणून..."

"ह्याला वॉशर धड मोजता येत नाहीत," आत्या म्हणाली. "स्कोअर कसा पाडेल? पण तो काय म्हणाला ते ऐकलंस? नामंजूर 'होणार' हे कळल्याबरोबर. झाल्यावर नव्हे. बँकेने ताईला नकार कळवायच्या आधीच कुणाला तरी माहीत होतं की नकार येणार."

४

फायनान्स कंपनीच्या कचेरीत थंडगार हवा होती, प्लॅस्टिकचं एक झाड होतं आणि भिंतीवर एक कुटुंब होतं. घराची किल्ली हातात धरून ते इतकं हसत होतं की त्यांना कर्ज मिळालंय की हसवणारा गॅस हुंगवलाय, कळेना. काचेच्या खोपटात साहेब बसले होते. तरुण, गोंडस, गळ्यात ओळखपत्र. त्यावर त्यांचं हसू छापलेलं होतं, त्यामुळे तोंडावर वेगळं ठेवायची गरज त्यांना वाटत नव्हती.

आत्याने ताईंचं अधिकारपत्र पुढे ठेवलं.

"मुदतीआधी कर्ज बंद झालं की स्कोअरवर परिणाम होतो, मॅडम," साहेब म्हणाले. समोरचा संगणक त्यांनी अजून चालूही केला नव्हता.

"हे तुम्ही खातं बघून सांगताय की पाठ केलंय?"

"जनरली सांगतोय."

"जनरली मी घरी बसून ऐकू शकते. मुदतीआधी फेडणाऱ्याकडून तुम्ही शुल्क घेता?"

"घेतोच. पॉलिसीच आहे. कुणालाच सोडत नाही," साहेब अभिमानाने म्हणाले. शुल्क हा त्यांचा एकुलता एक पराक्रम असावा.

"मग हिच्याकडून किती घेतलं?"

आता साहेबांनी संगणक चालू केला. टकटक केलं. पुढे वाकले. मग मागे टेकले आणि गळ्यातलं ओळखपत्र उलटंसुलटं करू लागले.

"इथे शुल्क लागू नव्हतं."

"का?"

"ते... अंतर्गत आहे."

"खातेदाराचं पत्र तुमच्यासमोर आहे. तिच्या खात्याचं अंतर्गत तिच्यापासून कसं लपवणार?"

"मॅडम, आम्ही उलट सहानुभूतीने वागलो. हप्ते थकलेले असतानासुद्धा. आमचा माणूस जागेवर पाहणी करून आला. धंदा बंद पडलेला. अंधार, खुर्च्या आवरून उलट्या टाकलेल्या, एक मूल नाही, बाई कोपऱ्यात एक शब्द न बोलता बसलेली. त्याचा अहवाल आहे. म्हणून तर आम्ही..." साहेब थांबले. आपण बोलतोय हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं. "पुढचं वरिष्ठांना विचारून सांगतो."

हप्ते थकलेले? धंदा बंद? त्याच सकाळी मी मुंगीला त्या बंद पडलेल्या धंद्यात रडत सोडून आले होते. ती रडत होती आणि आत बाकीची मुलं घसरगुंडीवरून भांडत होती. मी तोंड उघडणार तेवढ्यात आत्याने माझ्या पायावर पाय दिला.

"पैसे रोख आले?" तिने विचारलं.

"रोख. पावती दिली आहे."

"कुणाच्या हाती?"

"सहकर्जदारांच्या. सज्जन गृहस्थ आहेत. फार कळवळ्याने बोलले."

जिना उतरताना आत्या स्वतःशीच पुटपुटत होती. "उलट्या खुर्च्या," ती म्हणाली. "कधी असतात गं उलट्या?"

मी उत्तर दिलं आणि जिन्यातच थांबले.

५

भाऊजी एका कचेरीत हजेरी विभागात आहेत. इतर लोक वेळेवर आले की नाही हे बघायचं त्यांचं काम, आणि ते स्वतः कधीच वेळेवर जात नाहीत. उरलेला दिवस ते मोबाइलवर शेअर घेतात, विकतात, आणि भेटेल त्याला 'पैसा कामाला कसा लावायचा' ते शिकवतात. मुंगीच्या बारशाला ताईंबरोबर आले, तेव्हा तिथल्या पाहुण्यांनाही त्यांनी चक्रवाढ व्याज समजावलं होतं. मुंगी तेव्हा रडत होती, आणि सगळ्या सभेत तेवढी एकच प्रतिक्रिया प्रामाणिक होती.

"या, या," भाऊजी म्हणाले. "वहिनीचं ऐकलं ना? मला इतकं वाईट वाटतं. पण बायकांना हे क्रेडिटचं शास्त्र समजत नाही. कर्ज म्हणजे झाड असतं. वेळेआधी कापलं की मुळं दुखावतात."

"झाड," आत्या म्हणाली.

"एक उदाहरण म्हणून."

"कळलं. हप्ते थकले होते म्हणे."

भाऊजींनी कप खाली ठेवला. तो बशीत नीट बसला नाही.

"कोण म्हणालं? तो साहेब? अहो, तोच तर सगळ्याचं मूळ आहे. मी पूर्ण रक्कम त्याच्या हातात दिली. रोख. म्हणाला, चेकला वेळ लागतो. मी त्याला तेव्हाच ओळखलं होतं, पण म्हटलं, वहिनीचं काम होऊ दे. मीच सगळं एका झटक्यात मिटवलं. वहिनीला कचेरीची पायरी चढू दिली नाही."

"मिटवलंत," आत्या म्हणाली.

"मिटवलं. कायमचं."

आत्याने चहाचा घोट घेतला. तिच्या चेहऱ्यावर मी तेव्हा जे पाहिलं ते हसू म्हणता आलं असतं, पण हसू असं दिसत नाही.

"तुम्ही एवढे जाणकार," ती म्हणाली. "तुमचा स्वतःचा स्कोअर किती आहे हो?"

"आठशेच्या जवळपास," भाऊजी म्हणाले. "उगाच नाही लोक सल्ला विचारत."

"कधी बघितला होतात?"

"चांगल्या स्कोअरकडे सारखं बघायचं नसतं, आत्या. नजर लागते."

"उद्या दुपारी पाळणाघरात या. मुलं झोपली की. साहेब येणार आहेत, मालकही येणार आहेत. त्या साहेबाला सगळ्यांसमोर पकडायचंय. तुम्ही नसाल तर शास्त्र कोण समजावणार?"

भाऊजी खूश झाले. रस्त्यावर आल्यावर मी आत्याला विचारलं, "झोपल्यावरच का?"

"कारण त्या वेळी ताई कुणाला ओरडू देत नाही," आत्या म्हणाली. "आणि चोराला ओरडता आलं नाही की त्याच्याकडे दुसरं काही उरत नाही."

६

सगळ्यात आधी साहेब आले. ताईंनी ओठांवर बोट ठेवून दार उघडलं. साहेबांनी ओढलेले पडदे पाहिले, टेबलांवरच्या उलट्या खुर्च्या पाहिल्या, कोपऱ्यातल्या रिकाम्या घसरगुंडीकडे पाहिलं.

"अहवालात हेच आहे," ते आत्याला हळूच म्हणाले. "बंद."

आत्याने त्यांचं मनगट धरलं आणि मधला पडदा चार बोटं बाजूला केला.

आत गाद्यांची ओळ होती. लहानग्या श्वासांची वर-खाली होणारी एक लांब ओळ. मुंगी कडेला, एका मुलाचा मोजा मुठीत धरून झोपलेली. मला तिथे बघताना नेहमी जे होतं ते झालं, आणि क्षणभर मी तिथे कशाला आलेय तेच विसरले. साहेब बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी ओळखपत्र खिशात घातलं, हसऱ्या फोटोसकट.

मालक आणि भाऊजी आले. कुणाला बसायला जागा नव्हती, कारण खुर्च्या उलट्या होत्या. आत्या फार हळू बोलू लागली. तिचं बोलणं ऐकायला तिघांना पुढे वाकावं लागलं, आणि तीन मोठी माणसं मान खाली घालून उभी असल्यासारखी दिसू लागली.

"ही खोली दिवसभरात एकदाच अशी दिसते," ती म्हणाली. "मुलं झोपल्यावर, फरशी वाळेपर्यंत. एरवी इथे आलात तर तुमच्या बुटांवर रंग सांडेल. साहेब, तुमचा माणूस नेमका ह्याच वेळी आला, आणि पडद्याच्या पलीकडे कुणी त्याला जाऊ दिलं नाही. ताई, कुणाला आणलं होतं का कुणी इथे, दुपारचं?"

ताईंचा हात ओठांशी गेला. "भाऊजी आले होते एकदा. बरोबर एक गृहस्थ. म्हणाले, मूल ठेवायचंय, नुसती जागा बघतील. मी बोलले नाही काही. मुलं झोपली होती. मी कोपऱ्यात कपड्यांच्या घड्या घालत बसले होते."

"बाई एक शब्द बोलत नव्हती," आत्या साहेबांना म्हणाली. "अहवालात आहे ना?"

"वेळेचा योगायोग," भाऊजी म्हणाले, जरा मोठ्याने.

"श्श," ताई म्हणाल्या.

"दुसरी गोष्ट शुल्काची," आत्या म्हणाली. "मुदतीआधी फेडणाऱ्या कुणालाही ही कंपनी शुल्क सोडत नाही. इथे लावलं नाही. म्हणजे कंपनीच्या लेखी इथे मुदतीआधी फेड झालीच नाही. दुसरंच काही तरी झालं. साहेब, तुमच्याकडे काय लिहिलंय ते आता सांगा. खातेदार समोर आहे."

साहेब जमिनीशी बोलल्यासारखे बोलले. "तडजोडीने मिटवलं."

"म्हणजे काय, ते ताईला सांगा."

"कर्जदार अडचणीत असेल, हप्ते थकले असतील, तर कंपनी कमी रक्कम घेते आणि उरलेली सोडून देते. खातं बंद होतं. पण शेरा राहतो. पुढची बँक तो शेरा वाचते आणि समजते की ह्या माणसाने पूर्ण फेड केली नाही."

"मी पूर्ण दिलं," ताई म्हणाल्या. आवाज नव्हताच त्यात, नुसते ओठ हलले.

"तू पूर्ण दिलंस," आत्या म्हणाली. "कंपनीला कमी मिळालं. मधली रक्कम कुणाच्या तरी खिशात आहे. साहेबांच्या असती तर त्यांनी पाहणीला माणूस पाठवून साक्षीदार कशाला तयार केला असता? बिनडोक आहेत, पण पैसे खाल्लेले नाहीत."

साहेबांनी ते बहुधा प्रमाणपत्र म्हणून घेतलं.

"मालकांचा तर पैशाला हातच लागला नाही. त्यांनी एकच केलं. नकार येणार हे आधी ऐकलं आणि कुणाकडून ऐकलं ते विचारलं नाही. मालक, दुसरं गिऱ्हाईक आणतो म्हणणारा मधला माणूस कोण? दलाली किती मागितली त्याने?"

मालकांनी भाऊजींकडे पाहिलं. नळातून पहिल्यांदाच काहीतरी आलं. "हेच की. म्हणाले, वहिनीचं कर्ज होत नाही, मी बघतो दुसरं कोणी. गिऱ्हाईक अजून दाखवलंच नाही."

"दाखवणार कुठून?" आत्या म्हणाली. "ते नाहीच. तुमच्याकडून आगाऊ दलाली उकळायची होती."

"हे सगळे अंदाज आहेत," भाऊजी कुजबुजले. कुजबुजताना त्यांचा आवाज चिरका निघत होता. "मी ह्या घरासाठी काय केलं..."

"तुम्हीच सांगितलंत काय केलं ते. ताई म्हणते फेडलं. तुमची वाक्यं सोडून सगळे म्हणतात फेडलं, बंद झालं. तुम्ही एकटेच म्हणालात, मिटवलं. तसं हे साधं बोलणं आहे, कुणीही म्हणेल. पण तो शब्द कंपनीच्या शेऱ्यात आहे, आणि तो शेरा साहेबांशिवाय इथे कुणीच पाहिलेला नव्हता. ज्याने त्याखाली सही केली, तो सोडून." तिने हात पुढे केला. "आता तुमचा मोबाइल उघडा. तो आठशेचा स्कोअर ह्या सगळ्यांना दाखवा."

"त्याचा काय संबंध?"

"उघडा की. नजर लागणार नाही, मी वाकड्या चष्म्यातून बघते."

भाऊजींनी अंगठा टेकवला. पडदा उजळला. अंधाऱ्या खोलीत त्यांच्या हनुवटीवर लाल प्रकाश पडला. त्यांचा आकडा ताईंच्या आकड्याच्या शेजारीच येऊन पडला होता, जवळजवळ खांद्याला खांदा लावून.

"तुम्ही तर कुठलं झाड वेळेआधी कापलं नव्हतं," आत्या म्हणाली. "मग मुळं कशी दुखावली? सहकर्जदार होतात तुम्ही. तिच्या खात्यावरचा शेरा तुमच्याही नावावर बसतो. गावाला अक्कल शिकवत फिरता, आणि दुसऱ्याच्या घराला आग लावताना आपण आतच उभे आहोत हे तुम्हाला दिसलं नाही."

भाऊजी मोबाइलकडे बघत राहिले. पकडले गेल्याचं दुःख त्यांच्या तोंडावर नंतर आलं. आधी आलं ते आश्चर्य, अगदी निरागस, मुंगीने पहिल्यांदा लिंबू चाटलं होतं तसं.

"मी म्हणाले होते, दोन गाढवं आणि एक चोर," आत्या माझ्याकडे वळून म्हणाली. "चुकले. गाढवं तिन्ही आहेत. त्यातलं एक चोरी पण करतं."

७

मग ते सगळं बाहेर आलं, कुजबुजत. ताईंनी पाठवलेले काही हप्ते भाऊजींनी शेअरमध्ये लावले होते. ते बुडाले. हप्ते थकले. कंपनीने तडजोड सुचवली, आणि तेवढ्यात ताईंनी बांगड्यांचे पैसे आणून दिले. कमी भरून बाकीचे पुन्हा लावले, पहिलं नुकसान भरून काढायला. तेही बुडाले.

"मी खाल्ले नाहीत," भाऊजी म्हणाले. "गुंतवले. दुप्पट करून देणार होतो वहिनीला. सरप्राइज."

मालकांनी एका उलट्या खुर्चीच्या पायाला हात लावला, जणू तो नळ आहे आणि फिरवला तर बरं वाटेल.

साहेबांनी घसा साफ केला. "शेरा बदलता येतो," ते ताईंना म्हणाले. "सोडलेली रक्कम भरली गेली की आम्ही 'पूर्ण फेड' अशी नोंद पाठवू. पण थकलेल्या हप्त्यांचा डाग तुमच्या नावावरून पुसायचा तर तुमची लेखी तक्रार लागेल. हप्त्याचे पैसे तुम्ही दिले होते आणि... म्हणजे कुणी भरले नाहीत, ते नावासकट. मग मी स्वतः बँकेला पत्र देतो. वेळ लागेल."

"मी थांबतो," मालक म्हणाले. "दुसरं आहेच कोण."

राहिली ती फक्त तक्रार. सगळ्यांनी ताईंकडे पाहिलं. त्या कपड्यांच्या ढिगाशी उभ्या होत्या. हातात कुणाचं तरी झबलं होतं आणि त्याची घडी त्या घालत होत्या, मोडत होत्या. मिस्टर गेले त्या दिवसापासून हाच दीर त्यांच्या दाराशी उभा राहिला होता, हे मला माहीत होतं. आत्यालाही माहीत होतं. म्हणून तिने तक्रारीचा आग्रह धरला नाही.

भाऊजींना ते कळलं. ते जवळ गेले. आवाज मऊ केला.

"वहिनी," ते म्हणाले. "पेपरवाले, पोलीस, कशाला? घरातली गोष्ट आहे. घरातच मिटवू."

तेवढ्यात आतून मुंगी रडली. तिच्या मुठीतला मोजा कुणीतरी ओढला असणार. तिच्या मागोमाग दुसरं, मग तिसरं, आणि पडद्यामागची सगळी खोली एकदम जागी झाली. गाद्यांवरून पाय आपटले, कुणी आईला हाक मारली, कुणी गाईला. बंद पडलेला धंदा. साहेब पडद्याकडे बघत एक पाऊल मागे सरकले.

ताईंनी झबलं खाली ठेवलं. मुलं उठली होती. आता कुजबुजायचं कारण नव्हतं. त्या दिवसांत मी त्यांचा खरा आवाज पहिल्यांदाच ऐकला, आणि तो चांगला खणखणीत होता.

"नाही, भाऊजी," त्या म्हणाल्या. "मिटवायचं नाही. फेडायचं. तक्रार मी आज देते, पैसे तुम्ही कुठून आणायचे ते तुम्ही बघा."

पडद्याशी पोचल्यावर त्या वळल्या.

"आणि जाण्याआधी त्या खुर्च्या खाली काढून ठेवा. मुलांची खायची वेळ झाली."

मी मुंगीला कडेवर घेऊन बाहेर आले तेव्हा भाऊजी एकेक बुटकी खुर्ची उतरवून सरळ करत होते. मुंगीने त्यांच्याकडे टक लावून पाहिलं, मग खाली वाकून फरशीवर काही सापडतंय का ते बघू लागली.